नळाचं वायसर स्वतः बदलावं की प्लंबरची वाट बघावी?

रविवारचा_कारागीर:
स्वयंपाकघरातला नळ तीन आठवडे ठिबकत होता. प्लंबर रोज "उद्या येतो" म्हणायचा आणि त्याची ती उद्या नेमकी माझ्या ऑफिसच्या वेळात उजाडायची. शेवटी रविवारी घराचा कॉक बंद केला, मुठीवरची निळी टिकली नखाने उचकटली, खालचा स्क्रू काढला आणि पान्ह्याने स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा दांडा, फिरवून बाहेर घेतला. टोकाच्या काळ्या वायसरला गोल चर पडली होती. नवीन वायसर दहा रुपयांना मिळालं. काम अर्ध्या तासाचं, त्यातली वीस मिनिटं पान्हा शोधण्यात गेली.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही क्रेप कागदाची फुलं केली. प्लगच्या तीन पिनांना तीन वायरी कशा जोडायच्या हे कुणी दाखवलं नाही. माझं म्हणणं असं की वायसर, ट्यूब, पंख्याचा रेग्युलेटर आणि भिंतीतली भोकं एवढं घरात प्रत्येकाला यायलाच हवं. पैसे वाचतील म्हणून म्हणत नाहीये. समोरचा "अख्खी लाइन बदलावी लागेल" म्हणाला तर तो खरं बोलतोय की नाही हे कळायला तरी.

नळजोड:
माझा धंदा प्लंबिंगचाच आहे, तेव्हा स्वार्थ आधीच कबूल करतो.

गेल्या वर्षीचं काम सांगतो. एका साहेबांनी बाथरूमचा नळ स्वतः बदलला. टेफ्लॉन टेप आट्यांच्या उलट्या दिशेने गुंडाळली, त्यामुळे नळ बसवताना ती सुटून गोळा झाली. पाणी झिरपलं म्हणून मोठा पान्हा लावून जोर काढला. टाइलमागे सीपीव्हीसीचा (प्लास्टिक पाइपचा) एल्बो, म्हणजे वळणाचा जोड होता, तो तडकला. त्यांच्याकडे सगळं कोरडं ठाक. दहा-बारा दिवसांनी खालच्यांच्या छताला पोपडे आले. मी तीन टाइल फोडल्या, तसल्या टाइल आता बाजारात मिळत नाहीत. अजून त्या भिंतीला वेगळ्या रंगाचं ठिगळ आहे.

तुमच्या वायसरला माझी हरकत नाही हो. पण एकदा वायसर जमलं की माणूस तिथे थांबत नाही. पुढचा रविवार गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळाचा असतो.

फेज_न्यूट्रल:
नळ चुकला तर पाणी येतं. वायर चुकली तर काय येतं ते सांगायला नको. मी आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवलंय. ते दोन वर्षं घासतात आणि लोक दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून बोर्ड उघडतात.

कायद्याची रेघ जुनीच आहे. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत ती नियम 45 मध्ये होती, 2010 साली त्यांच्या जागी आलेल्या नियमांतही तीच राहिली. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायला हरकत नाही, पण जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत असेल तर ते काम परवानाधारक कंत्राटदाराचं. रेघ उगाच तिथे ओढलेली नाही. 2000 वॅटचा गिझर जवळपास पावणेनऊ अँपिअर खेचतो. तो 6 अँपिअरच्या बोर्डावर चालवणारे महाभाग मी पाहिलेत. बटण बदलता आलं म्हणजे लोडचा हिशेब आला असं नसतं.

उत्तरा_ठाणे:
सर, तुमच्या नियमाबद्दल आदर आहे, पण माझा अनुभव ऐका. बेडरूमचा बल्ब होल्डरमधेच तुटून अडकला होता. बटण बंद केलं, पक्कड घेतली आणि सणसणीत झटका बसला. नंतर टेस्टर लावला तर बटण बंद असूनही पेटतोय! बटण फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरवर असायला हवं, ते न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर घातलेलं. हे काम कुणा हौशी माणसाचं नव्हतं, बिल देऊन आलेल्या माणसाचं होतं. त्या दिवसापासून मी आधी एमसीबी (मेन बोर्डावरचा खटका) पाडते, टेस्टर चालू बोर्डावर तपासून घेते आणि मगच हात लावते.

आणखी एक. दुपारी मी एकटी असताना कारागीर येतो आणि विचारतो, "साहेब कधी येणार?" बिघाड मी सांगायचा, उत्तर साहेबांना मिळणार. आमच्या लहानपणी बाबा टेस्टर भावाच्या हातात द्यायचे आणि मला टॉर्च धरायला सांगायचे. वीस वर्षं टॉर्च धरली, आता पुरे.

फेज_न्यूट्रल:
उत्तराताई, बटण न्यूट्रलवर हा गुन्हाच आहे, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. तपासायला सगळ्यांनी शिकावं, मान्य. जोडायला नको, एवढंच माझं म्हणणं.

स्टुटगार्टकर:
इकडे जर्मनीत भाड्याचं घर घेतलं तेव्हा छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. दिवे आधीचा भाडेकरू घेऊन गेला, स्वयंपाकाचा ओटासुद्धा नव्हता. कारागिराचा तासाचा दर ऐकला आणि दुसऱ्या दिवशी ड्रिल मशीन आणलं. पुण्यात आईकडे गेलो तेव्हा त्याच गुर्मीत पडद्याचा रॉड लावायला घेतला. नवी इमारत, मिवानची, म्हणजे साच्यात ओतलेली अख्खी काँक्रीट भिंत. साधं ड्रिल नुसतं किंचाळत राहिलं, बिट लाल झालं, भोक अर्धा सेंटीमीटर. शेवटी हॅमर ड्रिलवाला बोलावला, त्याने चहा थंड व्हायच्या आत चारही भोकं पाडली. आईने त्याला दोनशे दिले आणि माझ्याकडे बघून हसली.

रविवारचा_कारागीर:
माझी भिंत हलक्या ब्लॉकची आहे, तिथे उलटंच. भोक लोण्यासारखं पडतं आणि स्क्रूसाठी भोकात ठोकलेली प्लास्टिकची गिट्टी स्क्रूसकट बाहेर येते. बटणाच्या बरोबर वरच्या रेषेत भोक पाडू नये, त्यातून वायरी जातात, हेही मी शेजाऱ्याची वायर तुटल्यावर शिकलो. त्याची तुटली, माझी नाही, हे नशीब.

नळजोड, तुमचा एल्बो डोक्यात बसलाय. मिक्सरला हात लावणार नाही. पण फ्लशची टाकी सारखी वाहतेय, त्यातलं रबर बदलावं म्हणतो. कोणतं आणू?

नळजोड:
नाव सांगून मिळणार नाही, चार कंपन्यांची चार मापं. जुनं काढून पिशवीत घाला आणि दुकानात काउंटरवर ठेवा.

त्याआधी टाकीखालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीचं पाणी बंद करायचा छोटा नळ, फिरतो का बघा. वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो, क्षार धरून गच्च झालेला असतो. हाताने फिरला तर काम तुमचं. पान्हा लावावा लागला तर फोन करा, रविवारीही येतो.