मदत हवी आहे: द्राक्षबागेतल्या होमस्टेहून वाईन टेस्टिंगला जाऊन रात्री परत कसं यायचं? (तातडीचं)

अस्मी_ठाणे · २१ जाने, दुपारी १२:४०
रविवारी सकाळी निघतोय. दोन रात्रींचे पैसे भरून झालेत. नाशिकजवळ छोटा होमस्टे आहे, चारच खोल्या, खिडकीबाहेर द्राक्षबाग. सकाळचा नाश्ता देतात, बाकी काही नाही. फोटो बघून घेतला. आता कळतंय की ओला-उबर तिथवर सोडते, पण परतीला गाडीच मिळत नाही. टेस्टिंगला संध्याकाळी ५ ला जायचंय. नवरा म्हणतो, "दोन घोट घेतले तर काय होतंय, मी चालवतो." मी म्हणते अजिबात नाही. मालकांना तीनदा फोन केला, "या तुम्ही, होईल सगळं" एवढंच बोलतात. असं राहून कोणी आलंय का? परत कसे आलात? रिसॉर्ट सुचवू नका, बुकिंग बदलणार नाही. प्लीज लवकर सांगा.

गुळाची_ढेप · १२:५२
ताई, जरा इस्कटून सांगा. किती जण? कुठली वायनरी? होमस्टे कुठे? नाशिक जिल्हा केवढा आहे माहीत आहे का?

बोरीबंदर · १:०५
सुला वायनरीच्या आवारातच राहायची सोय आहे. खोलीतून उठायचं, चालत टेस्टिंग रूममध्ये जायचं, चालत परत. आम्ही दोनदा राहिलोय. पैसे जास्त जातात, पण हा प्रश्नच उरत नाही.

अस्मी_ठाणे · १:११
@बोरीबंदर, रिसॉर्ट नको असं वर लिहिलंय हो.
@गुळाची_ढेप, ठाण्याहून निघतोय, पाच जण. आम्ही दोघं, सासूबाई, नणंद आणि आठ वर्षांचा मुलगा. वायनरी सुलाच, अजून कुठली? नणंद पीत नाही, पण तिला गाडी येत नाही.

कलम_आणि_दौत · १:३०
तुमच्या मिस्टरांना सांगा, मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्याच वेळी १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टेस्टिंगला पाच-सहा वाईन येतात. थोड्या थोड्या असल्या तरी बेरीज होते. शिवाय आपल्या राज्यात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, १९४९ च्या कायद्यानुसार. एक दिवसाचाही मिळतो.

पावशेर · १:३८
परवाना! काका, तुम्ही कधी काढलात शेवटचा?

कलम_आणि_दौत · १:४१
आजन्म परवाना आहे माझ्याकडे. पाकिटात असतो.

नारायणगाव_जुनं · २:१५
टेस्टिंगला वाईन गिळायचीच नसते. तोंडात घोळवायची आणि थुंकायची, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. मी नारायणगावच्या इंडाज वायनरीच्या काळापासून वाईन पितोय. चव जिभेला कळते, पोटाला नाही. थुंकलं तर गाडी चालवण्याइतकी शुद्ध राहते.

पावशेर · २:१९
पैसे मोजून घेतलेली वाईन थुंकणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

नारायणगाव_जुनं · २:२२
म्हणूनच आपल्याला वाईन कळत नाही. मद्य वेगळं, वाईन वेगळी.

कलम_आणि_दौत · २:२६
थुंकली तरी थोडी पोटात जातेच. "शुद्ध राहते" वगैरे सल्ले देऊ नका. सोबत लहान मूल आहे त्यांच्या.

सॅनहोजेकर · २:५०
आमच्याकडे कॅलिफोर्नियात नापाच्या वायनरींना जाताना आम्ही दर वेळी बेड अँड ब्रेकफास्टच घेतो. जुनी लाकडी घरं, मालकीण दुपारी चार वाजता व्हरांड्यात वाईन आणि चीज मांडते, सकाळी गरम मफिन. टेस्टिंगसाठी दिवसभराची गाडी ड्रायव्हरसकट मिळते, वाईन ट्रेनसुद्धा आहे. भारतात हे कधी होणार?

गुळाची_ढेप · २:५८
वाईन ट्रेन ठाण्याहून सुटते का? नसेल तर ताईंना उपयोग नाही.

निफाडची_बाग · ३:२०
नमस्कार. आमची स्वतःची बाग आहे, सध्या तोडणी चालू आहे म्हणून थोडक्यात विचारतो. होमस्टे नेमका कुठे आहे? गंगापूर धरणाकडे, दिंडोरीकडे की इगतपुरीकडे? यावर सगळं अवलंबून आहे.

अस्मी_ठाणे · ३:२६
"नाशिकजवळ, वाईन कंट्रीत" असं लिहिलंय त्यांच्या पानावर. पिन टाकली होती, पण ती नीट उघडत नाही. धरण आहे समोर, फोटोत दिसतं. गंगापूर धरणच असणार ना? सुला त्याच्याच काठाला आहे.

निफाडची_बाग · ३:२९
ताई, नाशिक जिल्ह्यात धरणांना काय तोटा. पैसे भरल्याची पावती आली असेल, त्यावर पत्ता बघा. तालुका कुठला लिहिलाय?

पुलेशु_प्रेमी · ३:३१
छान लिहिलंय. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

अस्मी_ठाणे · ३:४४
ता. इगतपुरी. मुकणे धरणाजवळ असं आहे. म्हणजे काय?

निफाडची_बाग · ३:५०
म्हणजे तुमचा होमस्टे मुंबईच्या बाजूला, इगतपुरी आणि नाशिकच्या मध्ये. आणि सुला नाशिक शहराच्याही पलीकडे, गंगापूर-सावरगाव रस्त्याला. मध्ये पस्तीस-चाळीस किलोमीटर सहज. रात्री गाडी परतीला का मिळत नाही ते कळलं का आता? नाशिकचा कुठला ड्रायव्हर रात्री नऊ वाजता मुकण्याला रिकामा परतायला येईल?

अस्मी_ठाणे · ३:५३
अरे देवा. पानावर "सुला २० मिनिटं" लिहिलंय!!

पावशेर · ३:५५
हेलिकॉप्टरने असेल.

गुळाची_ढेप · ४:०२
मी म्हणालो होतो, जिल्हा केवढा आहे ते आधी बघा.

निफाडची_बाग · ४:१०
घाबरू नका, उलट बरं झालं. मुकण्याच्या बाजूला कावनई-सांजेगाव शिवारात दोन वायनरी आहेत, व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा. तुमच्यापासून किती लांब ते होमस्टेच्या नेमक्या जागेवर ठरेल, पण नाशिक ओलांडून जायची गरज नाही. दोन्हीकडे आधी फोन करून वेळ घ्या, सुलासारखी वर्दळ नसते, आयत्या वेळी गेलात तर कोणी भेटेलच असं नाही. सुलाचा हट्ट असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी जा आणि चालवणाऱ्याने फक्त जेवायचं.

नारायणगाव_जुनं · ४:१८
ग्रोव्हर म्हणजे मूळचे बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सचे. इकडची झाम्पा आणि ते २०१२ मध्ये एकत्र आले. सुलाची पहिली वाईन २००० सालची, त्याआधी नाशिक म्हणजे मुख्यतः खायची द्राक्षं. हल्लीच्या पोरांना वाटतं वाईनचा शोध सुलाने लावला.

द्रुतगती · ४:३५
इगतपुरी असेल तर समृद्धी महामार्गाने जा. आमणे ते इगतपुरी हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झालाय. कसारा घाट चढायचाच नाही, बोगद्यातून थेट वर. सासूबाईंना गाडी लागत असेल तर उत्तम.

घाटातला_चहा · ४:४१
आमण्याला पोचेपर्यंत भिवंडीत तासभर जातो, त्याचं काय? टोल वेगळा. जुना रस्ता बरा, कसाऱ्याला थांबून चहा-वडापाव होतो.

द्रुतगती · ४:४४
जोडून सुट्टी आहे साहेब. २६ जानेवारीच्या आधी रविवारी सकाळी कसाऱ्यात चहा प्याल, तिथेच जेवाल, तिथेच झोपाल.

घाटातला_चहा · ४:४७
पहाटे पाचला निघालं तर काही होत नाही.

अस्मी_ठाणे · ५:०५
रस्त्याचं आम्ही बघू हो. परतीच्या गाडीचं सांगा! रविवारी सासूबाईंना त्र्यंबकेश्वर करायचंय, सोमवारी संध्याकाळी ५ ला टेस्टिंग. मंगळवारी रजा टाकलीय.

कलम_आणि_दौत · ५:०९
थांबा. सोमवारी टेस्टिंग?

कलम_आणि_दौत · ५:१०
सोमवार म्हणजे २६ जानेवारी. ड्राय डे.

पावशेर · ५:१२
😂😂 ताई, गाडीचा प्रश्न सुटला. नवरा चालवू शकतो.

अस्मी_ठाणे · ५:२०
मला खरंच रडायला येतंय आता. गूगलवर "सोमवार: उघडं" दाखवत होतं.

बोरीबंदर · ५:२६
उघडं असेल, पण द्राक्षरस मिळेल. म्हणून म्हणतो, रिसॉर्ट

निफाडची_बाग · रात्री ९:१५
आत्ता मोकळा झालो. अहो, नुसती अदलाबदल करा. रविवारी पोचल्यावर आराम, संध्याकाळी टेस्टिंग. सोमवारी देवदर्शन. त्र्यंबकला सुट्टीची रांग मोठी असेल, सासूबाईंचे पाय दुखत असतील तर तुमच्या बाजूलाच कावनईला कपिलधारा तीर्थ आहे. कुंभमेळ्याचं मूळ स्थान तेच, असं तिथले लोक मानतात. कुंड आहे, शांत आहे, वर कावनईचा किल्ला दिसतो.

आणि गाडीचं. मालकांना "परतीची गाडी मिळेल का" असं विचारू नका. "होईल सगळं" हेच उत्तर येणार, कारण त्यांना खरंच वाटतं की होईल. सरळ विचारा, "गावात इको व्हॅन कोणाकडे आहे?" प्रत्येक गावात दोन-तीन तरी असतात, लग्नाची वऱ्हाडं आणि दवाखान्याच्या फेऱ्या मारतात. पाच जण आरामात बसतात. नंबर घ्या, मालकाला मध्ये न ठेवता स्वतः बोला, थांबण्याचे पैसे आधीच ठरवा. ड्रायव्हर घेतो का तेही विचारा. वाईट वाटून घेऊ नका, विचारा.

संतरा_बर्फी · ९:३२
मला याच भागात होमस्टे काढायचा आहे. पर्यटन खात्याकडे नोंदणी कशी करतात? चार खोल्या पुरतात का? कर्ज मिळतं का?

गुळाची_ढेप · ९:३६
वेगळा धागा काढा हो.

निफाडची_बाग · ९:४०
@अस्मी_ठाणे, राहिलं. मुलाला बागेतले घड तोडू देऊ नका. फवारणीनंतर ठरावीक दिवस थांबावं लागतं आणि मालकाने कधी मारलंय ते तुम्हाला माहीत नसतं. वाईनची द्राक्षं दिसायला लहान, साल जाड, आत बिया. गोड असतात, पण बिनबियांच्या थॉमसन द्राक्षांची सवय असलेल्या पोराचं निम्मं तोंड बियांनीच भरतं. पांढऱ्या वाणांची तोडणी साधारण आत्ताच सुरू होते, शेनिन ब्लां वगैरे. शिराझ मागून. उजाडायच्या आत क्रेट घेऊन माणसं बागेत शिरतात, झोपमोड झाली तर तक्रार करू नका, बाहेर येऊन बघा. गरम कपडे न्या. आमच्याकडे निफाडला थंडीत मणी तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवतो. पाहुणे सकाळी धुकं म्हणून त्या धुराचे फोटो काढतात.

सॅनहोजेकर · २२ जाने, पहाटे ४:१०
नापातही थंडीसाठी बागेत मोठे पंखे लावतात.

मिसळसम्राट · सकाळी ८:००
नाश्ता होमस्टेत कशाला? नाशिकला येऊन मिसळ न खाता जाल? गंगापूर रोडची चुलीवरची, वर दही, पापड, शेवटी जिलेबी.

घाटातला_चहा · ८:०७
चुलीवरची हे मुंबईच्या लोकांसाठी. खरी काळ्या रश्श्याची, जुन्या नाशकात, उभ्याने खायची.

मिसळसम्राट · ८:१२
तुम्हाला चव कळत असती तर कसाऱ्याचा वडापाव सुचवला नसता.

गुळाची_ढेप · ८:२०
ताई चाळीस किलोमीटर लांब आहेत दोन्ही मिसळींपासून. एकदा तरी वरचं वाचा.

अस्मी_ठाणे · ११:३५
@निफाडची_बाग काका, मालकांना तुमच्याच शब्दांत विचारलं. पाच सेकंदांत म्हणाले, "आमच्या चुलतभावाकडे आहे की." तीन फोन करून हे सांगितलं नव्हतं! नंबर मिळाला, बोलणं झालं. रविवारी ५ ची वेळही मिळाली. खूप खूप आभार.

पावशेर · ११:४०
काका नाही, दादा असतील. बागेत काम करतात म्हणून काका करू नका.

निफाडची_बाग · दुपारी १:०२
आजोबा आहे मी. चालेल.

अस्मी_ठाणे · २८ जाने, रात्री १०:१५
आलो परत. रविवारी सगळे इकोतून गेलो. जाऊन-येऊन आणि दोन तास थांबून ८०० घेतले. ड्रायव्हर माळकरी निघाला, सासूबाई पुढे बसून त्याच्याशी वारीबद्दल बोलत होत्या. नवऱ्याने सहाही ग्लास रिकामे केले, एकदाही थुंकला नाही. परतताना मुलाला शिराझ समजावून सांगत होता, मुलगा केव्हाच झोपलेला. कपिलधारेला सोमवारी फारशी माणसं नव्हती, सासूबाईंनी कुंडातलं पाणी बाटलीत भरून आणलंय.

नाश्त्याला मालकांच्या आईने थालीपीठ आणि घरचं लोणी दिलं. जेवण देत नाही म्हणाले होते, पण सोमवारी रात्री "थोडं पिठलं टाकलंय" म्हणून बोलावलं. "सुला २० मिनिटं" बद्दल विचारलं. म्हणाले, "ते भाच्याने लिहिलंय, तो पुण्याला असतो."

संतरा_बर्फी · १०:३१
नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? मार्चमध्ये जायचंय.

अस्मी_ठाणे · १०:४४
केलाय. सोबत मी पिन टाकलीय ती वापरा. त्यांची पिन समोरच्या पोल्ट्रीवर जाते, आम्ही पंधरा मिनिटं तिथल्या माणसाला चेक-इन कुठे विचारत होतो.