‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’ : तुम्ही कसा ऐकलात?

अमेरिकन गायिका-गीतकार ल्युसिंडा विल्यम्सचा हा अल्बम १९९८च्या जूनमध्ये आला. ऑल्ट-कंट्री हा संगीतप्रकार म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी व्याख्या सांगत नाही, हाच लावते. कंट्री या अमेरिकी ग्रामीण संगीतातलं गोष्टीवेल्हाळपण, ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताचा जड ठेका, रॉकच्या गिटारी, आणि रेडिओसाठी केलेली चकाकी कुठेही नाही. तेरा गाण्यांत अमेरिकेच्या दक्षिणेतली गावं एकामागून एक येतात: रोझडेल, ग्रीनव्हिल, लेक चार्ल्स, व्हिक्सबर्ग, स्लायडेल. माझ्या मते अल्बमचा जीव या गावांत आहे. तिचं प्रत्येक दुःख कुठल्या तरी गावात घडलेलं असतं, म्हणून ते खरं वाटतं. तुम्हाला काय वाटतं? कुठलं गाणं लागलं, का लागलं, किंवा का नाही लागलं, सविस्तर लिहा.

• • •

आम्ही ह्यूस्टनला राहतो. न्यू ऑर्लिन्सला जाताना आय-टेन महामार्गावर लेक चार्ल्स लागतं. तेलशुद्धीकरणाचे कारखाने, तळं, उंच पूल. ल्युसिंडाचा जन्म इथलाच, १९५३चा. पण ‘लेक चार्ल्स’ हे गाणं तिच्याबद्दल नाही, तिच्या एका जुन्या मित्राबद्दल आहे, जो आता हयात नाही. त्याचा जन्म टेक्सासमधल्या नॅकोग्डोचेसचा, पण लोकांना मात्र तो आपलं गाव लेक चार्ल्स सांगायचा. शेवटच्या क्षणी त्याच्या कानाशी कुणी देवदूत बोलला का, असं ती विचारते, आणि आवाज जराही चढवत नाही.

माझं जन्मगाव पंढरपूर, पण कुणी विचारलं की तोंडून मिरज येतं, कारण आजोळ तिथलं. जन्मदाखल्यावरचं गाव एक आणि मनातलं दुसरं, हे असं कुणी गाण्यात मांडलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. गाडीत ते लागलं की आमच्याकडे सगळे गप्प होतात, मुलंसुद्धा.

• • •

माझ्यासाठी शीर्षकगीतच. वडिलांच्या बँकेतल्या बदल्यांमुळे आमचं बालपण ट्रकमध्ये सामान चढवण्यात गेलं. या गाण्यात चार-पाच वर्षांची मुलगी गाडीच्या मागच्या सीटवर आहे. कधी स्वयंपाकघरातून अंडी-बेकनचा वास येतोय, रेडिओ चालू आहे, मोठी माणसं हळू आवाजात काहीतरी बोलताहेत, आणि तिला कुणी काही समजावून सांगत नाही. कुणालाही दोष न देता लिहिलंय. ल्युसिंडाचे वडील मिलर विल्यम्स कवी होते (१९९७ साली क्लिंटन यांच्या दुसऱ्या शपथविधीला त्यांनी कविता वाचली होती). प्राध्यापकीमुळे त्यांचं बिऱ्हाड सतत हलत राहिलं. हे गाणं ऐकल्यावर त्यांनी लेकीची माफी मागितली, असं तिनंच सांगितलं आहे. ती लिहीत होती तेव्हा आपण स्वतःबद्दल लिहितोय हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. वडिलांनी मात्र ओळखलं.

माझे बाबा गेले. त्यांना हे ऐकवायचं राहून गेलं.

• • •

मला नाही आवडला. आवाज ओढलेला, शब्द अर्धवट गिळलेले, आणि सगळी गाणी एकाच संथ लयीत. ‘ग्रीनव्हिल’मध्ये मागून कंट्री गायिका एमिलू हॅरिसचा सूर येतो तेव्हा कान सुखावतात, आणि मग वाटतं की तिनंच गायलं असतं तर! गीतरचना उत्तम आहे, त्याबद्दल दुमत नाही.

• • •

वरच्या प्रतिसादाशी मी असहमत. तो ओढलेला आवाज हीच तिची गायकी आहे. शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवायची तिची पद्धत ब्लूजमधून आलेली. मी गिटार वाजवतो, त्यामुळे हा अल्बम घडला कसा यात मला जास्त रस. आधीचा अल्बम १९९२चा, म्हणजे मध्ये सहा वर्षं. आधी ऑस्टिनमध्ये तिचा जुना गिटारवादक-निर्माता गर्फ मॉर्लिक्सबरोबर ध्वनिमुद्रण झालं, ते तिला पटलं नाही. मग नॅशव्हिलमध्ये स्टीव्ह अर्ल आणि रे केनेडी या निर्मात्यांसोबत जवळजवळ सगळं नव्यानं केलं. शेवटचा हात फिरवला लॉस एंजेलिसमध्ये, निर्माता रॉय बिटनबरोबर. या खटाटोपात मॉर्लिक्सशी असलेली जुनी साथ तुटली. तिला हट्टी म्हणणारे बरेच होते. पुरुष कलावंतानं हेच केलं असतं तर त्याला चोखंदळ म्हटलं असतं, असं मला ठामपणे वाटतं. ‘कान्ट लेट गो’मधली स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवून वाजवलेली) ऐका, मग कळेल ती कशासाठी अडून बसली होती. (हे गाणं मूळ रँडी वीक्सचं. रॉबर्ट प्लांट आणि अ‍ॅलिसन क्राउस या गायकांनीही ते २०२१ मध्ये केलंय.)

• • •

‘जॉय’. माझ्या घटस्फोटानंतरचं वर्ष होतं. माझा आनंद तू नेलास, तो मला परत हवाय, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणते, आणि तो शोधायला वेस्ट मेम्फिसला जाते, स्लायडेलला जाते. मला तेव्हा सहानुभूती नको होती, हा राग हवा होता.

• • •

‘ड्रंकन एंजल’चा उल्लेख अजून कुणीच केला नाही? ऑस्टिनचा गायक ब्लेझ फोली १९८९ मध्ये गोळी लागून गेला, त्याच्यावरचं गाणं. चिकटपट्टी लावलेल्या बुटांसकट तो माणूस समोर उभा राहतो. त्याच्यावर तिचं प्रेम आहे आणि त्यानं स्वतःची केलेली नासाडी तिला सहन होत नाही, दोन्ही एकाच कडव्यात. मित्राला दारूपायी गमावलेल्या कुणीही ते ऐकावं.

आणि एक माहिती: २०२० च्या नोव्हेंबरात तिला पक्षाघात झाला, त्यानंतर गिटार वाजवता येत नाही, पण ती गाते आहे. जवळपास कार्यक्रम असेल तर चुकवू नका. ज्यांना हा अल्बम आधीच पाठ आहे त्यांनी २००६ची आवृत्ती मिळवा, त्यात १९९८चा फिलाडेल्फियातला अख्खा कार्यक्रम जोडलेला आहे.