उसाच्या ट्रॉलीला धडकून दाजी गेले. गावात मिटवायचं की क्लेम टाकायचा?

उजनीकाठ
नमस्कार मंडळी. मी चाकणला कंपनीत आहे, गाव माढा तालुक्यात. कारखाने सुरू झाल्यावर आमचे दाजी रात्री डेअरीवरून मोटारसायकलवर घरी येत होते. वळणावर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट पंक्चर होऊन उभा. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, झाडाची फांदीसुद्धा टाकलेली नव्हती. दाजी मागून धडकले आणि जागीच गेले. वय ३७. मागं ताई, दोन शाळकरी पोरं आणि दाजींची आई.

ट्रॅक्टरवाला शेजारच्या गावचा, लांबून भावकीतलाच. ड्रायव्हरनं आधी पोलीस ठाणं गाठलं, त्यामुळं फिर्यादीत “मयताने हयगयीने गाडी चालवून” असंच लिहिलंय. दहाव्यानंतर बैठक झाली. ४ लाख रोख, आणि पाचशेच्या स्टँपवर ‘आमची काही तक्रार नाही’ म्हणून ताईनं सही करायची. सासूबाई म्हणतात, पोराच्या जिवाचे पैसे नकोत. चुलते म्हणतात, घ्या आणि मोकळे व्हा, फिर्यादच आपल्या विरोधात आहे.

दाजींची तीन एकर शेती आणि सहा जर्सी गाया. दुधाचं दहा दिवसांचं बिल बँकेत जमा व्हायचं. एलआयसीचे २ लाख मिळतील, पण ते क्लेममधून कापतात असं कोणीतरी सांगितलं. काय करावं?

बिनधास्त_पंढरपूर
घ्या ४ लाख. आमच्या चुलत्यांची केस इतकी रखडली की पोरं लग्नाला आली. गावात तोंड दाखवायचं असतं.

दावा_विभाग_निवृत्त
सही करू नका. मी नोकरीभर विमा कंपनीच्या दावा विभागात होतो, म्हणजे तुमच्या समोरच्या बाकावर. चार लाखांचा आकडा कुठून आला ते कोणी सांगितलं का? नाही सांगणार, कारण तो बैठकीतला आकडा आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणात, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालतात त्या कोर्टात, हे गणित असतं.

मांडून दाखवतो. दाजींची कमाई खर्च वजा जाता महिना १८,००० धरू, वर्षाला २,१६,०००. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढं कमाई वाढली असती याचे ४० टक्के मिळवायचे: ३,०२,४००. अवलंबून असलेले चौघे, त्यामुळं दाजींच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा: २,२६,८००. या वर्षाच्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं, म्हणजे गुणकानं गुणायचं; ३६ ते ४० वयाला गुणक १५. झाले ३४,०२,०००. गुणकाचा तक्ता सुप्रीम कोर्टानं २००९ च्या सरला वर्मा निकालात पक्का केला, ४० टक्क्यांचा भाग २०१७ च्या प्रणय सेठी निकालात. शिवाय अंत्यविधी आणि संपत्तीची हानी यांचे १५-१५ हजार, आणि सहवास गमावल्याचे ४० हजार. दर तीन वर्षांनी यात १० टक्के वाढ. सहवासाचे पैसे फक्त बायकोला नाहीत. २०१८ पासून मुलांना आणि आईलाही वेगवेगळे धरतात.

आता यात ट्रॅक्टरची विमा कंपनी कुठं कात्री लावते? कमाईवर. १८ हजारांच्या जागी १० हजारच सिद्ध झाले तर तेच गणित १८,९०,००० वर येतं. पंधरा लाख गेले, आणि कायदा तोच. म्हणून डेअरीची बिलं, बँकेचा उतारा, पशुखाद्याच्या पावत्या, डॉक्टरच्या गोठ्यातल्या भेटींच्या चिठ्ठ्या, सगळं गोळा करा. डेअरीच्या सचिवाला साक्षीला यायला आत्ताच सांगून ठेवा. सातबाऱ्यावर मात्र फार विसंबू नका. जमीन तर मागं राहिलीच, असं म्हणून कोर्ट शेतीच्या उत्पन्नातला फक्त कष्ट आणि देखरेखीचा भाग धरतं.

फिर्याद विरोधात आहे म्हणून घाबरू नका. इथं फौजदारी खटल्यासारखा कडक पुरावा लागत नाही, जास्त शक्य काय वाटतं ते पाहतात. रस्त्यात धोकादायक रीतीनं गाडी सोडणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ खाली चूकच आहे. घटनास्थळाच्या पंचनाम्याची नक्कल काढा. ट्रॉलीला रिफ्लेक्टर होते की नाही, ट्रॉली डांबरावर होती की साइडपट्टीवर, हे त्यात असतं. दाजींचीही थोडी चूक धरली तर तेवढे टक्के कमी होतील, सगळं जाणार नाही.

एक फसवी वाट मात्र सांगतो. त्याच कायद्याच्या कलम १६४ खाली कोणाची चूक सिद्ध न करता ५ लाख मिळतात. कंपनीचा माणूस गोड बोलून तो कागद पुढं करेल. ते पैसे स्वीकारले की कलम १६६ चा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून करायचा मोठा दावा संपतो. चूक अजिबातच दाखवता येत नसेल तर ती वाट ठीक, तुमच्या बाबतीत मला तसं वाटत नाही.

एलआयसी कापत नाहीत. हेलन रिबेलो खटल्यात, तोही आपल्या एसटी महामंडळाविरुद्धचा, सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय. विम्याचे हप्ते दाजींनी भरले, त्याचा फायदा ट्रॅक्टरवाल्याला कशाला?

शुभांगी_बार्शी
वरच्या काकांशी सहमत. मी स्वतः विधवा आहे, माझा दावा निकाली निघाला. ताईंना दोन गोष्टी आधीच माहीत हव्यात. पैसा आला की सगळा हातात पडत नाही. मुलांचा हिस्सा ते सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहतो, माझ्याही हिश्श्यातला काही भाग ठेवला होता. तेव्हा मला राग आला होता. नंतर दीर-नणंदांच्या मागण्या सुरू झाल्या, तेव्हा त्याच ठेवीचं नाव पुढं करून सुटले. दुसरं, ‘निकालातले इतके टक्के’ अशी बोली करणारा वकील नको. बार काउन्सिलच्या नियमात ते बसत नाही. फी ठरवून लेखी घ्या, आणि खातं ताईंच्या एकटीच्या नावावर उघडा.

सासूबाईंना सांगा, हे जिवाचे पैसे नाहीत, दाजी घरात जे आणून देत होते ते आहेत. माझ्या सासूला हे पटायला वेळ लागला. पहिलं व्याज आलं, तेव्हा त्यांनीच थोरलीची फी भरली.

आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख वेगळे मिळतात. तालुका कृषी कार्यालयात लगेच जा, मुदत थोडी असते.

उजनीकाठ
खूप आभार सगळ्यांचे. पॉलिसी बघितली. ट्रॅक्टर ‘शेती वापर’ म्हणून आहे, ट्रॉल्यांचं नावच नाही. मग ट्रॅक्टरवाल्याच्या घरावर येईल का? ताईला तेच नको आहे. त्याची बायको रोज येऊन रडते.

दावा_विभाग_निवृत्त
कंपनी हरकत घेईलच, मीही घेतली असती. अशा वेळी न्यायाधिकरण बऱ्याचदा ‘कंपनीनं आधी वारसांना द्यावं, मग मालकाकडून वसूल करावं’ असा आदेश करतं. म्हणजे त्याला पुढं झळ बसू शकते, हे ताईंपासून लपवू नका. पण स्टँपवर सही झाली तरी अल्पवयीन मुलांचा हक्क असा परस्पर सोडता येत नाही. त्या कागदानं त्याचंही भलं होणार नाही, हे त्याच्या घरच्यांनाही नीट समजावून सांगा.

दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत टाका. या मुदतीला आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. अपघात झाला त्या भागात किंवा ताई राहतात त्या भागात, कुठंही टाकता येतो. चाकणला तुमच्यासोबत राहायला येणार असतील तर पुणंही चालेल, पण डेअरीचा सचिव तारखेला पुण्यापर्यंत येईल का, ते आधी विचारा.