गोव्यात कपेलात लग्न: काय बघून ठरवायचं?

बिमाचा_पाडा: मुलगी बार्देशची, मुलगा वसईचा, दोघंही कॅथलिक. जानेवारीत लग्न, पाहुणे दीडशे. चर्चऐवजी गावातलं छोटं कपेल (चॅपेल) किंवा जुन्या गोव्यातलं टेकडीवरचं मोंत कपेल हवंय. हॉल आधी ठरवावा की कपेल?

सांक्रिस्तांव: दोन्हींच्या आधी प्रमुख धर्मगुरूंना भेटा. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन १११८ प्रमाणे लग्न धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) चर्चमध्येच व्हायचं. दुसरीकडे लावायचं तर बिशप किंवा प्रमुख धर्मगुरूंची परवानगी लागते. लग्न कपेलात लागलं तरी नोंद धर्मग्रामाच्या रजिस्टरात होते. वसईचे फादर लग्न लावणार असतील तर इथल्या प्रमुख धर्मगुरूंकडून त्यांच्या नावाचं अधिकारपत्र लेखी घ्या. ते राहिलं तर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) कितीही थाटात होवो, विवाहच अवैध.

स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, घरातला जुना चालत नाही. आधीचं लग्न झालं असेल तर त्याची नोंद स्नानसंस्काराच्या रजिस्टरातल्या मूळ पानावरच असते, म्हणून नवा मागतात. शिवाय सिव्हिल रजिस्ट्रारपुढे दोघांची सही आणि ना-हरकत दाखला. त्यासाठी मुलाला वसईहून वेगळी खेप करावीच लागेल, लग्नाच्या आठवड्यावर ढकलू नका.

मापशेंकार: कागद जमतील हो, माणसं कुठे बसवणार? टेप घेऊन जा. माणशी ४५ सेंमी धरा, म्हणजे सहा फुटी बाकावर चौघं. दीडशेंना ३८ बाकं, दोन्ही बाजूंना १९. एका बाकाच्या पाठीपासून पुढच्याच्या पाठीपर्यंत ९० सेंमी धरले तर नुसत्या बाकांनाच १७ मीटर जातात. गावच्या कपेलात एवढी लांबी क्वचितच मिळते. मग निम्मे पाहुणे बाहेर मांडवात, आणि तिथे वेगळा स्पीकर. मधली वाट सव्वा मीटरपेक्षा अरुंद असेल तर वडील आणि घेरदार गाऊनमधली मुलगी शेजारी-शेजारी चालूच शकत नाहीत. गाऊन बाकाच्या कोपऱ्याला अडकतो.

जुन्या वायरिंगवर हॅलोजन, कीबोर्डचा अँप्लिफायर आणि पंखे एकदम लावले की नेमका शपथांच्या वेळी एमसीबी (मेन बोर्डावरचा सुरक्षा स्विच) पडतो. सजावटीला जनरेटर वेगळा ठेवा. चुन्याच्या भिंतीला टेप लावू देऊ नका, काढताना पापुद्रा सुटतो. आणि शौचालय आहे का ते विचाराच, बऱ्याच ठिकाणी नसतं.

सांक्रिस्तांव: तारखेचंही बघा. फेस्ताआधीचे (कपेलाच्या सणाआधीचे) नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना असते, तेव्हा कपेल मोकळं मिळत नाही. ६ जानेवारीला बार्देशातल्या रेइश मागुशला तीन राजांचं फेस्त, त्या बाजूला तेव्हा गाडी लावायचीही पंचाईत.

बिमाचा_पाडा: मोंतचं काय?

मापशेंकार: अंगणातून मांडवी नदी आणि दिवाडी बेट दिसतं, फोटोंना तोड नाही. पण ते टेकडीवर आहे. म्हाताऱ्यांना वर न्यायला छोट्या गाड्या ठेवा. मोठी बस वर वळेल का, ते ड्रायव्हरला आधी दाखवून घ्या. मिस्सा चारला धरा. जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य बुडतो, पाचची धरली तर बाहेर येईपर्यंत उजेड संपत आलेला असतो.

बिमाचा_पाडा: रविवारी गावच्या कपेलात टेप घेऊन जातो. हॉलवाल्याला तोवर थांबवलंय.