फॉकलंड १९८२: ब्रिटिशांची गुप्तवार्ता झोपली होती का?

चौकस
फॉकलंड युद्धावर वाचतोय. २ एप्रिल १९८२ ला अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधली ही ब्रिटिश बेटं घेतली, १४ जूनला गमावली. ७४ दिवसांत खेळ खलास. पण ज्यांच्याकडे जीसीएचक्यू (संदेश पकडणारी संस्था) आणि एमआय-सिक्स (परदेशी हेरखातं), त्यांना समोरचं आरमार निघाल्याचं दोन दिवस आधी कळावं? आणि पुढे ते जिंकले त्यात गुप्तवार्तेचा वाटा किती, की नुसती हॅरियर विमानं आणि नशीब? जाणकारांनी सांगावं.

वायरलेसवाला
दोन प्रश्न एकात घातलेत. आधी पहिला.

कानांनी ऐकायला ब्रिटिश कमी पडले नव्हते. ३ एप्रिलला संसदेत टेड रोलँड्स हा माजी परराष्ट्र राज्यमंत्री भर सभागृहात बोलून गेला की आपण अर्जेंटिनाच्या तारा वर्षानुवर्षं वाचतोय. (असलं कुणी चारचौघांत बोलतं का! आमच्याकडे अशा माणसाचा पास त्याच दिवशी जप्त झाला असता.) पण ब्युनोस आयर्सच्या लष्करशहांचा बेत वर्षाच्या उत्तरार्धातला होता. १९ मार्चला साउथ जॉर्जिया या आणखी एका ब्रिटिश बेटावरच्या लीथ बंदरात भंगारवाले उतरले, त्यांनी अर्जेंटिनाचा झेंडा लावला, लंडनने नौदलाचं एन्ड्युरन्स जहाज तिकडे धाडलं, आणि २६ मार्चला ब्युनोस आयर्सला ठरलं की आता थांबायचं नाही. समोरच्यानेच निर्णय घेतलेला नाही तर तो तुम्ही कुठल्या तारेत वाचणार? जानेवारी १९८३ च्या फ्रँक्स चौकशी अहवालाने हेच म्हणून सरकारला मोकळं सोडलं.

मला ते अर्धंच पटतं.

मी नोकरीची बरीच वर्षं वायरलेसच्या खोलीत काढली. रात्रपाळीला हेडफोन लावून पाच-पाच अक्षरांचे गट उतरवायचे. एकदा एक स्टेशन रोजची वेळ सोडून पहाटे बोलायला लागलं. हात तोच होता. मोर्सची कळ दाबणाऱ्याचा हात आम्ही ओळखायचो, जसा तुम्ही घरातल्यांचा खोकला ओळखता. मी लॉगमध्ये लाल शाईने नोंद केली. कागद साहेबांच्या ट्रेमध्ये तीन दिवस पडून राहिला, कारण त्या बाजूने काही होणार नाही हे वर आधीच ठरलेलं होतं.

लंडनमध्ये तेच झालं. संयुक्त गुप्तवार्ता समितीचं शेवटचं पूर्ण मूल्यमापन जुलै १९८१ चं: अर्जेंटिना आधी वाटाघाटी करेल, मग आर्थिक अडवणूक, सैन्य शेवटी. त्यानंतर आठ महिने नवा कागद नाही. एन्ड्युरन्सचा कप्तान निक बार्कर इशारे देत होता, पण १९८१ च्या संरक्षण आढाव्यात त्याचंच जहाज सेवेतून काढायचं ठरलेलं. म्हणजे हा आपलं जहाज वाचवायला बोलतोय असं वाटायला जागा होती. उलट ते जहाज काढताय हे बघून ब्युनोस आयर्सने काय अर्थ लावला असेल? १९७७ मध्ये असाच संशय आला तेव्हा कॅलाहन सरकारने गुपचूप ड्रेडनॉट पाणबुडी आणि दोन फ्रिगेट पाठवल्या होत्या.

३१ मार्चला संध्याकाळी संरक्षणमंत्री जॉन नॉट पकडलेल्या संदेशांचा अर्थ घेऊन संसदेतल्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या खोलीत गेला: २ एप्रिलला पहाटे आरमार बेटांची राजधानी पोर्ट स्टॅनलीसमोर. तेव्हा बेटांवर शंभराहून कमी मरीन होते.

शिडाची होडी
दुसऱ्या प्रश्नावर माझ्या आवडीचं. सैन्य उतरवायचं कुठे हे ठरवताना सगळ्यात कामाला आल्या त्या एका नावाड्याच्या वह्या. युवेन साउदबी-टेल्यर हा रॉयल मरीन्सचा अधिकारी १९७८-७९ मध्ये तिथल्या तुकडीवर होता. शिडाची होडी घेऊन किनारे फिरायचा, कुठे खडक, कुठे वाळू, पाणी किती खोल, हे चित्रांसह टिपून ठेवायचा. तीन वर्षांनी २१ मेला सान कार्लोसला उतरताना तीच वही. हेरगिरीचा हेतूही नव्हता बिचाऱ्याचा.

चौकस
भारीच. पण हॅरियरचं नशीब राहिलंच.

वायरलेसवाला
नशिबापेक्षा मोजणी म्हणा. अर्जेंटिनाकडे विमानातून सोडायची, जहाजं बुडवणारी एक्झोसेट क्षेपणास्त्रं पाचच होती आणि ती फ्रेंच बनावटीची. ४ मेला दोन सोडली, शेफील्ड या युद्धनौकेला एक लागलं, २० जण गेले. २५ मेला दोन, ॲटलांटिक कन्व्हेयर हे मालवाहू जहाज गेलं. ३० मेला शेवटचं. आणखी मिळू नयेत म्हणून फ्रान्सवर दबाव आणला गेला, पेरूला जायची खेप अडवली गेली. मला हे काम जेम्स बाँडगिरीपेक्षा मोठं वाटतं, दुकानदाराला पटवून माल थांबवायचं.

चुकाही भरपूर. गूज ग्रीन या वस्तीवर शत्रू किती याचा अंदाज कमी धरला होता. शरणागतीनंतर हजाराच्या आसपास कैदी निघाले. वर बीबीसीने हल्ल्याच्या आधीच पॅराट्रूपर्स तिथे पोहोचत असल्याचं सांगून टाकलं. त्यांच्या तुकडीचा, दुसऱ्या पॅराचा, प्रमुख कर्नल जोन्स खवळला होता. दुसऱ्या दिवशी तो लढाईतच मेला.

आणि सगळ्यात स्वस्त गुप्तवार्ता २ जूनची. पुढचं गाव फिट्झरॉय रिकामं आहे की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या पॅराचे थोडे जण हेलिकॉप्टरने स्वॉन इनलेटच्या घरापाशी उतरले. तिथे टेलिफोन होता. एका सार्जंटने सरळ फिट्झरॉयला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, अर्जेंटिनावाले निघून गेलेत. त्याच दिवशी सैन्य पुढे सरकवायला सुरुवात झाली.

मागून येणाऱ्या सैन्याचं मात्र कुणी नीट जुळवलं नाही. ८ जूनला सर गॅलहॅड जहाज दिवसाढवळ्या वेल्श गार्ड्सच्या सैनिकांना घेऊन फिट्झरॉयसमोर उभं होतं. विमानं आली, ४८ माणसं गेली.

शिडाची होडी
फोनची तार कापली नव्हती? कब्जा केलेल्या गावात?

वायरलेसवाला
जाताना त्यांनी तिथल्या पुलाला सुरुंग लावला होता. तार तशीच राहिली.