अपलोडची मर्यादा वाढवूनही पीडीएफ चढत नाही. अडते नेमके कोठे?

जुनी_जिल्द:
नमस्कार. आमच्या सार्वजनिक वाचनालयातील जुन्या नियतकालिकांचे स्कॅनिंग पूर्ण झाले असून त्या पीडीएफ फाइली वाचनालयाच्या वर्डप्रेस संकेतस्थळावर चढवायच्या आहेत. बहुतेक अंक ३० ते ६० एमबीचे आहेत. जाडजूड दिवाळी अंक मात्र १०० एमबीच्याही पुढे जातात. भाड्याने घेतलेल्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर) उबुंटू २२.०४, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि पीएचपी ८.१ आहे. पीएचपी एफपीएम पद्धतीने, म्हणजे स्वतंत्र सेवा म्हणून, चालते.

टर्मिनलमध्ये ‘पीएचपी --आयएनआय’ ही आज्ञा दिल्यावर जी पीएचपी.आयएनआय ही सेटिंगची फाइल दाखवली गेली, तिच्यात अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ ‘६४एमबी’ असे लिहून सर्व्हर पुन्हा सुरू केला. तरीही वर्डप्रेसच्या मीडिया पानावर कमाल आकार २ एमबीच दिसतो. संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरातील डॉट-एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये पीएचपी_व्हॅल्यूच्या ओळी घालून पाहिल्या, त्यांचाही काही परिणाम झाला नाही. आणखी कोठे बदल करावा लागतो, हे कृपया सांगावे.

रात्रपाळी:
डॉट-एचटीअ‍ॅक्सेसचा विषय आधी बाजूला ठेवू. ती फाइल अपाचे हा दुसरा वेब सर्व्हर वाचतो, एनजिनएक्स तिच्याकडे पाहतही नाही, त्यामुळे त्या ओळी काढून टाकाव्यात.

टर्मिनलवरील आज्ञा सीएलआयची, म्हणजे आज्ञा-ओळीवरील पीएचपीची फाइल दाखवते. उबुंटूवर एफपीएमची पीएचपी.आयएनआय वेगळ्या फोल्डरात असते आणि संकेतस्थळासाठी तीच लागू होते. खात्री करायची असल्यास वर्डप्रेसमध्ये ‘साइट हेल्थ’च्या माहिती-पानावरील सर्व्हर विभाग पाहावा, तेथे प्रत्यक्ष लागू असलेले आकडे दिसतात. एफपीएमच्या फाइलमध्ये बदल केल्यावर केवळ एफपीएमची सेवा रीलोड केली तरी पुरते, संपूर्ण सर्व्हर बंद-चालू करण्याची गरज नाही.

आता आकडा कसा लिहावा याविषयी, कारण ‘६४एमबी’ असे लिहिणे घातक आहे. पीएचपी केवळ शेवटचे अक्षर एकक म्हणून पाहते. ते के, एम किंवा जी असेल तरच त्याला अर्थ असतो, आणि ‘बी’ त्यात बसत नसल्यामुळे मर्यादा ६४ बाइट इतकीच धरली जाते. ८.२ पासून अशा वेळी इशारा मिळतो, ८.१ मध्ये तोही मिळत नाही. ‘६४एम’ एवढेच लिहावे.

त्याच फाइलमध्ये पोस्ट_मॅक्स_साइझही वाढवणे आवश्यक आहे. तिचे मूळ मूल्य ८ एमबी असते आणि ती एका फाइलला नव्हे तर फॉर्मबरोबर येणाऱ्या संपूर्ण मजकुराला लागू होते, म्हणून ती पहिल्या मर्यादेपेक्षा थोडी जास्तच ठेवावी. वर्डप्रेस या दोहोंपैकी लहान आकडा दाखवतो. येथे एक विचित्र गोष्ट घडते: ही दुसरी मर्यादा ओलांडली गेली की पीएचपी ‘पोस्ट’ आणि ‘फाइल्स’ हे दोन्ही अ‍ॅरे (फॉर्ममधून आलेली माहिती ज्यांत असते त्या याद्या) रिकामे करून टाकते, त्यामुळे आकार जास्त झाल्याचे कळण्याऐवजी फॉर्म भरलाच नव्हता असे वाटावे अशा त्रुटी दिसू लागतात आणि माणूस भलत्याच ठिकाणी शोध घेत बसतो.

एवढे करून झाल्यावर ‘४१३’ (विनंती फार मोठी आहे) ही त्रुटी येईल, कारण एनजिनएक्सची क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ ही मर्यादा मुळात अवघी १ एमबी असते. ती आपल्या संकेतस्थळाच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये (एनजिनएक्सच्या सेटिंगमधील त्या संकेतस्थळाच्या भागात) वाढवावी, ‘एनजिनएक्स -टी’ने फाइल तपासावी आणि मग रीलोड करावे. काही जण तेथे शून्य लिहून तपासणीच बंद करण्याचा सल्ला देतात, तो मानू नये. तसे केल्यास कोणीही आपली डिस्क भरून टाकू शकतो.

मेमरी_लिमिट मात्र केवळ अपलोडसाठी वाढवण्याची गरज नसते, कारण आलेली फाइल तात्पुरत्या फोल्डरात लिहिली जाते, संपूर्ण मेमरीत घेतली जात नाही. मॅक्स_एक्झिक्युशन_टाइमचेही तसेच आहे: एनजिनएक्स मूळ मांडणीत संपूर्ण फाइल स्वतःकडे साठवून मगच पीएचपीला देतो, त्यामुळे संथ जोडणीवर अपलोडला लागणारा वेळ त्या मर्यादेच्या मूळ ३० सेकंदांत मोजला जात नाही.

खिळामोळा:
वरील उत्तर बरोबर आहे, पण मर्यादा वाढवण्याआधी फाइल इतकी मोठी का आहे याचाही विचार व्हावा, असे मला वाटते. १०० एमबीचा अंक मोबाइलवर उघडणाऱ्या वाचकाला तो उतरवावाच लागणार आहे. घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ हाताळणाऱ्या प्रणालीच्या ‘ईबुक’ मांडणीने चित्रे १५० डीपीआयपर्यंत (दर इंचाला १५० ठिपके) खाली आणता येतात आणि आकार बराच घटतो. मात्र जुन्या खिळ्यांच्या छपाईत, विशेषतः बारीक टायपात, अनुस्वार आणि जोडाक्षरे एवढ्या रिझोल्यूशनला पुसट होतात. म्हणून एखादे जाहिरातींचे किंवा तळटीपांचे पान आधी करून पाहावे आणि वाचता येत नसेल तर २०० डीपीआयच्या खाली जाऊ नये. मूळ स्कॅन कोणत्याही परिस्थितीत वेगळ्या डिस्कवर जपून ठेवावेत. संकेतस्थळावरची प्रत वाचण्यासाठी असते, जतनासाठी नव्हे.

जुनी_जिल्द:
दोघांचेही आभार. एफपीएमच्या फाइलमध्ये अनुक्रमे ‘१५०एम’ आणि ‘१६०एम’ लिहिले, एनजिनएक्समध्येही ‘१६०एम’ केले. आता ५८ एमबीचा अंक व्यवस्थित चढतो. परंतु ११२ एमबीच्या दिवाळी अंकाला अजूनही ‘४१३’च येते, आणि या वेळी एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये काहीही नोंद दिसत नाही. या अंकात रंगीत चित्रे बरीच असल्यामुळे तो लहान करण्याची आमच्या समितीची इच्छा नाही.

रात्रपाळी:
लॉग कोरा आहे, यातच उत्तर आहे. एनजिनएक्सने स्वतः फाइल नाकारली असती तर ग्राहक मर्यादेपेक्षा मोठा मजकूर पाठवू पाहत असल्याची ओळ लॉगमध्ये आली असती. याचा अर्थ विनंती आपल्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच कोणी तरी परत पाठवत आहे. संकेतस्थळापुढे सीडीएन (वाचक आणि सर्व्हर यांच्यामध्ये उभी राहणारी मध्यस्थ सेवा) लावलेले आहे का? उदाहरणार्थ, क्लाउडफ्लेअरच्या मोफत योजनेत एका विनंतीची मर्यादा १०० एमबी आहे आणि आपल्या सर्व्हरवर कोणताही आकडा लिहिला तरी ती बदलत नाही.

जुनी_जिल्द:
होय, मागील वर्षी तीच मोफत योजना लावली होती. ती काढून टाकणे योग्य ठरेल का?

रात्रपाळी:
मोजक्या मोठ्या अंकांसाठी काढू नये. ते अंक ब्राउझरमधून चढवण्याचा आग्रहच सोडावा. एसएफटीपीने (एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून फाइल पाठवण्याच्या पद्धतीने) फाइल थेट सर्व्हरवर न्यावी. जोडताना संकेतस्थळाचे नाव न देता सर्व्हरचा मूळ आयपी द्यावा, कारण त्या नावामागे सीडीएन उभे आहे आणि त्यातून एसएसएच जात नाही. त्यानंतर डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेस टर्मिनलवरून चालवण्याचे साधन) असल्यास ‘डब्ल्यूपी मीडिया इम्पोर्ट’ ही आज्ञा फाइलचा मार्ग देऊन चालवली की अंक मीडिया लायब्ररीत नोंदला जातो. हा मार्ग ब्राउझरचा नसल्यामुळे वरीलपैकी एकही मर्यादा आड येत नाही. आज्ञा रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून न चालवता सर्व्हर ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याच्या नावाने, उबुंटूवर बहुधा ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’च्या नावाने, चालवावी, अन्यथा फाइलीची मालकी रूटकडे जाते आणि पुढे ती वर्डप्रेसमधून हटवताना किंवा बदलताना परवानगीची अडचण येऊ शकते. सर्व मोठे अंक याच मार्गाने न्यायचे ठरले, तर एनजिनएक्स आणि पीएचपीमधील मर्यादा पुन्हा ६४ एमबीच्या आसपास आणून ठेवाव्यात.