मदत हवी आहे: मेल ठरल्या वेळीच इनबॉक्समध्ये दिसावी, मधेच नको

नमस्कार मंडळी,

मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते. सध्या दिवाळी अंकांचा हंगाम. तीन-चार संपादक, अक्षरजुळणी करणारे, एक छापखाना. शिवाय ज्यांची कथा आत्ताच तपासून झाली, त्या लेखकाला नेमका आत्ताच एक परिच्छेद बदलायचा असतो.

आधीच सांगते, नोटिफिकेशन बंद करा हा सल्ला नको. ती कधीच बंद आहेत. जुन्या मेलमधली पीडीएफ काढायला इनबॉक्स उघडावाच लागतो आणि वरती ठळक अक्षरांत चार नव्या मेल बसलेल्या असतात. एकदा विषय वाचला की संपलं, पुढच्या पानावरचे ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांखालून निसटतात. नव्या मेल दुपारी एक आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास, टपालासारख्या एकगठ्ठा याव्यात. मधल्या वेळात इनबॉक्स होता तसाच दिसावा. छापखान्याची मेल मात्र लगेच दिसायला हवी, प्लेट निघाल्यावर चूक कळून काय उपयोग?

विंडोजचा लॅपटॉप, मेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्रॅम, त्यात जीमेलचं खातं आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) जोडलेलं. सर्व्हर सेटिंग्जमध्ये नवी मेल दर १० मिनिटांनी तपासायची, ते २४० केलं. तरी मेल आल्या आल्या हजर! आकडा जतन झालाय, दोनदा पाहिलं. मग हे होतं कसं?

प्रतिसाद १

त्याच पानावर ‘अलाऊ इमीजिएट सर्व्हर नोटिफिकेशन्स’ अशी ओळ आहे. तिच्यापुढची टिक काढा. आयमॅपमध्ये १९९७ पासून ‘आयडल’ नावाची सोय आहे. थंडरबर्ड सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवून बसतो आणि मेल आली की सर्व्हरच त्याला कळवतो. तुम्ही बदललेला आकडा म्हणजे थंडरबर्डने स्वतःहून विचारायला कधी जायचं, तेवढाच. इथे विचारायची वेळच येत नाही. सुरू होताना मेल तपासण्याची टिकही काढा.

तरी एक मेख राहतेच. आयमॅपमध्ये इनबॉक्सवर क्लिक केलं की ते फोल्डर ताजं होतं. पक्का बंदोबस्त हवा तर ‘वर्क ऑफलाइन’ करा. त्याआधी मेल संगणकावर उतरवून ठेवण्याचा पर्याय चालू आहे ना बघा, नाहीतर जुनी पीडीएफही उघडणार नाही.

प्रतिसाद २

एवढी खटपट कशाला? दिवसातून दोनदाच मेल बघते असं संपादकांना सांगून टाका की.

धागाकर्ती

@२ सांगितलंय. आता ते मेल करतात आणि मग व्हॉट्सॲपवर लिहितात, ‘ताई, मेल टाकलीय, सावकाश बघा.’

@१ टिक काढली, आता मेल आपोआप येत नाही. मनापासून आभार. पण ऑफलाइन गेले की छापखानाही बंद, आणि फोनवरच्या जीमेलमध्ये सगळं दिसतंच.

प्रतिसाद ३

म्हणूनच हे लॅपटॉपवर नको, जीमेलमध्येच अडवा. फिल्टर असा करा: छापखान्याचा पत्ता सोडून बाकी सगळ्यांसाठी ‘स्किप द इनबॉक्स’ आणि सोबत ‘थांबलेले’ हे लेबल. मेल खात्यात येते, पण इनबॉक्समध्ये नसते. त्यामुळे फोनवरच्या इनबॉक्समध्येही दिसत नाही. बँक आणि ओटीपी पाठवणारे पत्तेही वगळा, नाहीतर ओटीपी दुपारी एकला मिळेल.

पुढचं काम गूगल ॲप्स स्क्रिप्टचं, म्हणजे जीमेलकडून कामं आपोआप करून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं. चार-पाच ओळी पुरतात: ‘थांबलेले’ लेबलाचे थ्रेड (मेल आणि तिची उत्तरं मिळून एक) शोधायचे, ‘मूव्ह थ्रेड्स टू इनबॉक्स’ने इनबॉक्समध्ये आणायचे, लेबल काढायचं. एका वेळी १०० थ्रेड हलतात, तुम्हाला भरपूर झाले. तिला दोन रोजचे ट्रिगर लावा, म्हणजे ती ठरल्या वेळी आपोआप चालेल. हे गूगलच्या सर्व्हरवर चालतं, लॅपटॉप बंद असला तरी. मात्र घड्याळ लावून बसू नका, ट्रिगरसाठी तासाचा पट्टा निवडायचा असतो, एक ते दोनमध्ये कधीतरी चालेल. स्क्रिप्टचा टाइमझोन भारतीय आहे ना, तेही पाहा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. जीमेलचा शोध अडवलेल्या मेलही दाखवतो, तेव्हा शोधताना ते लेबल वगळा. थंडरबर्डमध्ये ‘ऑल मेल’ फोल्डर उघडू नका, तिथे सगळ्या दिसतात.

धागाकर्ती

फिल्टर केला, स्क्रिप्ट भाच्याकडून लिहून घेतली. आजचा पहिला गठ्ठा सव्वाच्या सुमारास आला. आता व्हॉट्सॲपवाल्या ‘सावकाश बघा’चं काय करू? म्यूट केलं तरी यादीत वर येतातच.

प्रतिसाद १

म्यूट नको, अर्काइव्ह करा. सेटिंग्जच्या चॅट्समध्ये ‘कीप चॅट्स अर्काइव्ह्ड’ चालू ठेवा, म्हणजे नवा मेसेज आला तरी चॅट बाहेर येत नाही. ग्रुपमध्ये कोणी तुमचा उल्लेख केला किंवा तुम्हाला रिप्लाय दिला तर तेवढं कळतं.

छापखान्याचा नंबर फोनमध्ये स्टार करून ठेवा. अँड्रॉइडच्या ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये फक्त स्टार केलेल्यांचे कॉल वाजू देता येतात. बाकी कोणी १५ मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल केला तर तोही वाजतो, पण तो पर्याय वेगळा आहे. संपादक मंडळी बघता तुम्ही तो बंदच ठेवा.